दाराआडची हॉकी स्टिक

मित्रांनो, दाराआड भिंतीला टेकून उभी आहे ना, ती जुनी हॉकी स्टिक म्हणजे मी. जुनी म्हणून कोणी हळहळले की मला राग येतो, तेव्हा तेवढे करू नका.

सोलापूरच्या साखर पेठेत ज्ञानू सुताराने मला तुतीच्या लाकडातून घडवले आणि वाफेवर धरून माझी मान वाकवली. मी सिद्धप्पा नावाच्या पोराची झाले. माझी मूठ त्याच्या हातातून निसटू नये म्हणून त्याची आई सिद्धम्मा हिने मागावरचे उरलेले लाल सूत तिच्यावर घट्ट गुंडाळले. त्यांच्या घरी हातमाग होता. वडील रुद्रप्पा लुगडी विणत आणि सिद्धम्मा शेजारच्या कमरबीबरोबर गप्पा मारत सुताच्या कांड्या भरी.

त्या सुमारास आपल्या देशाच्या संघाने ऑलिंपिकमधून हॉकीचे सुवर्णपदक आणले होते. मग काय, गल्लोगल्ली क्लब निघाले! क्लब चिक्कार आणि खेळणारी पोरे मोजकी. एखाद्याने चांगला गोल मारला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी पाहुणे हजर. आजोबांना तंबाखू, आईला खण. मुलगी पाहायला यावे तसे लोक मुलगा पाहायला येत. मला तर हसू आवरत नसे.

आमचा क्लब कमरबीच्या मुलाचा, हाशमचा. तो आमचा कप्तान. खेळ संपल्यावर गूळ-शेंगदाणे, याखेरीज त्याच्याजवळ द्यायला काही नव्हते. खेळाडूही बरोबर अकरा.

एके दिवशी गिरणी चाळीच्या क्लबचे चिटणीस धोंडीराम घरी आले. हातात चकचकीत नवी स्टिक.

"रुद्रप्पा, पोरगं आमच्या क्लबात द्या. तुमाला गिरणीत चिकटवतो की!"

गिरणीतली नोकरी कोण सोडेल? रुद्रप्पा हो म्हणाले आणि नवी स्टिक घरात राहिली. धोंडीराम माझ्याकडे बघून हसले, "ही आता चुलीत घाला." माझ्या तर काळजाचे पाणी पाणी झाले.

हाशमला कळले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मावशी, आमी धाच उरतो. नवमीला गिरणी चाळीबरोबर मॅच हाय. अकरा भरले न्हाईत तर क्लबच मोडतो मी."

सिद्धम्माने डोळ्यांना पदर लावला. सिद्धप्पाने मला दाराआड ठेवले आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

खंडेनवमी उजाडली. माग बंद झाला. धोटा, फणी, कात्री सगळे पाटावर मांडले. सिद्धम्माने ती नवी स्टिकही त्यांच्यात ठेवली, तिला हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. त्या घरची रीत अशी की पूजेतले हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचे नाही. मॅच आजच आहे हे त्या माउलीच्या ध्यानातच राहिले नाही! मला मात्र कोणी पाटावर बोलावले नाही. इतकी वर्षे राबले आणि कुंकवाचे बोटही नाही? फार झोंबले मला.

दुपारी धोंडीराम घाईघाईने आले, ते बूट घालूनच थेट पाटापाशी. "काय हे बाई! मॅच तिकडं आन स्टिक हितं?"

"हात लावू नगा! हत्यार उद्या उठतंय," सिद्धम्मा ओरडली.

"खेळायचं लाकूड ते, हत्यार कसलं?" त्यांनी स्टिक उचलली आणि रुमालाने कुंकू पुसले. धोटा घरंगळत खाली पडला.

रुद्रप्पा फारसे बोलणारे नव्हते. त्यांनी धोटा उचलून कपाळाला लावला. "सकाळपासनं ह्याला कामाला लावलं न्हाय मी. आन तुमी पायतान घालून पाट इस्कटला. न्या ती स्टिक. पोरगं येनार न्हाय."

"आन नोकरी?"

"माग हाय की."

धोंडीराम तणतणत निघून गेले. एवढ्यात मॅच सोडून देतो हे सांगायला हाशम आला. चपला बाहेर काढून उंबऱ्यापाशीच थांबला. खाली मान घालून उभ्या असलेल्या सिद्धप्पाकडे त्याने पाहिले, पाटाकडे पाहिले, आणि मग त्याची नजर माझ्यावर आली.

"मावशी, ही पुजेत न्हाय की. मग उचलली तर चालंल?"

सिद्धम्मा रडता रडता हसली. "चालंल की! पळा लवकर दोघं!"

सिद्धप्पाने मला उचलले. सुतावर त्याची बोटे बसली आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. पाटावर बसले असते तर आज कोणाच्याच उपयोगी पडले नसते!

मॅच आम्ही दोन गोलांनी हरलो. पण अकरा जण खेळलो, क्लब राहिला. रुद्रप्पा पहिल्यांदाच मैदानावर आले होते. तेही कमरबीने दिलेले शेंगदाणे खात बसले.

तेव्हापासून दर नवमीला सिद्धम्मा मला मुद्दाम दाराआड ठेवते. "तू उद्या गं," म्हणते. दसऱ्याला बाकीची हत्यारे उठली की माझी एकटीची पूजा होते. बाकीच्यांना थोडा हेवा वाटतो, वाटू दे.

मित्रांनो, नवी वस्तू खुशाल आणा. पण जुनीला चुलीत घालू नका. मूठ सैल झाली तर थोडे सूत गुंडाळा आणि हाताला येईल अशी दाराआड ठेवा. कोणाचे तरी अकरा भरायचे राहिलेले असतात.