नमुना म्हणून सिंगापूरला आलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे हं! बर्फावर धावणाऱ्या गाडीचा, चांगला दहा फूट लांब, काळ्या रबराचा पट्टा. बर्फगाडीला चाकं नसतात. पुढे घसरायला दोन पाट्या असतात आणि मागे मी गरगर फिरतो. माझ्या अंगावर रबराचे दात आहेत. ते बर्फ मागे ढकलतात, म्हणून गाडी पुढे पळते. आता असा पट्टा सिंगापूरच्या बुकित पंजांगमध्ये, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय करतोय, असं तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचंय.

माझा जन्म दूरच्या थंड देशातल्या एका कारखान्यात झाला. साच्यात दाबून आणि भट्टीत भाजून मला घडवलं. तिथून मी गाडीला बसून थेट हिमालयात आलो. काही परदेशी गिर्यारोहकांनी ती वापरलेली गाडी छोलिंग गावच्या दवाखान्याला भेट दिली होती. तिथल्या डॉक्टर म्हणजे आमच्या शैलाताई, मूळच्या पुण्याच्या. सात हिवाळे मी त्यांना घेऊन हिंडलो. लसींचे डबे पोचवले, मोडक्या पायांची माणसं खाली आणली. गाडीचा आवाज आला की पोरं ओरडत धावायची आणि मला वाटायचं, ती मलाच बघायला येतात. खोटं कशाला बोलू, मी भलताच तोऱ्यात असायचो.

एक गोष्ट मात्र खटकायची. वरच्या वाडीच्या चढावर भुसभुशीत बर्फ असे. तिथे पोचलो की मी जागच्या जागी फिरायचो आणि गाडी रुतायची. मग शैलाताई उतरायच्या, पाठीवर पिशवी अडकवायच्या आणि दोन तास चालत वर जायच्या. मी सगळं खापर बर्फावर फोडून मोकळा व्हायचो.

दोन हजार सहाच्या वसंतात मी आडवा फाटलो. नवा पट्टा हवाच होता, कारण वरच्या वाडीतल्या डोलकरचं बाळंतपण जानेवारीत, ऐन बर्फात येणार होतं. तिचं पहिलं मूल अशाच थंडीत, डॉक्टर चालत वर पोचायच्या आधी गेलं होतं. शैलाताईंनी तिला शब्द दिला होता, "या वेळी मी वेळेवर येईन."

ताईंचा धाकटा भाऊ उन्मेष सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, मी मागवतो. तू फक्त नमुना पाठव."

आपल्याकडे नमुन्याशिवाय पान हलत नाही, मित्रांनो. कुकरची रिंग आणायची तरी जुनी रिंग पिशवीत घालून नेतात. त्यांची आई, सुचित्राबाई, दिवाळीला पुण्याहून मुलाकडे निघाल्याच होत्या. मग काय, मला फाटल्या जागी कापून गुंडाळलं, पुण्याला धाडलं, चिवडा-चकलीला कात्री लावली आणि सोळा किलोचा मी आईंच्या बॅगेत ऐटीत बसलो. सिंगापूरच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली.

"व्हॉट इज धिस, आंटी?"

"माय डॉटर्स गाडी पार्ट. फॉर स्नो."

"सिंगापूर व्हेअर गॉट स्नो, आंटी?" तो खो खो हसला आणि त्याने आम्हाला सोडलं.

उन्मेष म्हणजे काटेकोर माणूस. त्याने माझी लांबी, रुंदी, दातांची उंची तीन-तीनदा मोजली. दात भरले बरोबर एक इंच. मग मला टॅक्सीत घालून तो कोह अंकलकडे घेऊन गेला. कोह अंकल कारखान्यांचे रबरी पट्टे विकतात आणि लागेल ते बाहेरून मागवून देतात. त्यांनी माझ्या दातांवरून अंगठा फिरवला.

"माउंटन ऑर रोड, आह?"

"सेम अ‍ॅज सॅम्पल, अंकल. एक्झॅक्टली सेम."

"ओके, यू से लाह. फ्रायडे आय सेंड ऑर्डर."

हुबेहूब माझ्यासारखा! माझी छाती काय फुगली म्हणता! आणि वेळही हाताशी नव्हता. नोव्हेंबरच्या मध्यावर छोलिंगची खिंड बंद होते. एकदा गेलेली ऑर्डर बदलायला सवड नव्हती.

घरी आल्यावर आईंनी फरशीवरचे माझे काळे डाग पाहिले. "शी बाई, केवढा हा कळकट! आणि हा माणसांत वावरायचा?" गुरुवारी सकाळी त्यांनी मला बाथरूममध्ये ओढलं आणि साबण, ब्रश घेऊन घासायला बसल्या. काय गुदगुल्या झाल्या! सात हिवाळ्यांचं तेल आणि चिखल वाहून गेला. मग त्यांचा हात थांबला.

"अरे उन्मेष, याच्या दातांमध्ये काहीतरी कोरलंय. माझा चष्मा तिकडे राहिला, तू वाच बघू."

उन्मेष ऑफिसचे बूट घालत होता. तो एका पायात बूट घालूनच लंगडत आला आणि वाकला. कारखान्याने कोरलेली मापं होती ती. लांबी बरोबर होती, रुंदीही. पण दातांच्या उंचीपुढे लिहिलं होतं सव्वा इंच.

"आई, मी झिजलेले दात मोजले!"

"हात तुझ्या! झिजलेली चप्पल मापाला देऊन नवीही तेवढीच झिजलेली मागवशील का रे?"

त्याने तिथूनच कोह अंकलना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "वन अँड क्वार्टर इंच इज फॉर फ्लॅट रोड, लाह! माउंटन स्नो व्हेरी सॉफ्ट, मस्ट हॅव लाँग टीथ. हू पुट धिस वन ऑन माउंटन?"

मित्रांनो, धरणी दुभंगावी असं वाटलं. सात वर्षं डोंगराचा राजा म्हणून मिरवलो आणि मी मुळात सपाट रस्त्याचा! पण खरा धक्का पुढेच होता. उन्मेषने छोलिंगला फोन केला.

"ताई, वरच्या वाडीच्या चढावर गाडी रुतायची का गं?"

"दर वेळी. मलाच नीट चालवता येत नाही रे. सात वर्षं झाली, अजून जमलं नाही."

ती बाई स्वतःला बोल लावत होती! उणीव माझी आणि दोष तिने घेतला होता. मला रडू येतं की नाही ठाऊक नाही, पण त्या दिवशी मी साबणाच्या पाण्यात बराच वेळ पडून होतो.

आईंनी मला पुसलं आणि उन्मेष ऑफिसला दांडी मारून पुन्हा अंकलच्या दुकानात पोचला. आता स्वारी जोरात होती. "गिव्ह मी द लाँगेस्ट टीथ, अंकल!" अंकलनी मान हलवली. "टू लाँग, हिट द टॉप, एव्हरीथिंग स्पॉइल." माझ्या वर गाडीचा पत्रा असतो, दात त्याला लागता कामा नयेत. मग फोनवर शैलाताई गाडीखाली शिरल्या, पट्टी लावून रिकामी जागा मोजली आणि ठरलं पावणेदोन इंच. लांबी माझीच ठेवली, रबर जरा मऊ घेतलं. आतल्या बाजूला गाडीची दातेरी चाकं जिथे अडकतात, त्या खाचांमधलं अंतर मात्र माझ्यावरूनच घेतलं. ते एका रेषेने चुकलं असतं तरी नवा पट्टा फिरलाच नसता. तेवढ्यासाठी नमुना हवाच होता, बरं का!

नवा आला तो देखणा, उंच दातांचा. कॉरिडॉरमध्ये आम्हाला शेजारी शेजारी पसरलं, तेव्हा शेजारपाजारची माणसं बघायला जमली. मला हेवा वाटला नाही. मनातल्या मनात मी त्याला फक्त चढाची वाट सांगितली. दिल्लीला निघालेल्या एका सहकाऱ्याने त्याला नेलं आणि खिंड बंद व्हायच्या चार दिवस आधी तो छोलिंगला पोचला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी दुपारी फोन वाजला. शैलाताई हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "आई, चढली गं गाडी! एका दमात! डोलकरच्या दारात जाऊन उभी राहिले. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत!" आईंनी डोळे पुसले आणि साखरेचा डबा घेऊन नवव्या मजल्यावरच्या प्रत्येक दारात गेल्या. उन्मेष तर माझ्यावर चक्क नाचला.

आता मी दाराशी असतो, लोक माझ्यावर चपला काढतात. मी मजेत आहे. तुमच्याही घरी जुन्या, दमलेल्या वस्तू असतील. त्यांना धुवा, पुसा, प्रेमाने हाताळा. आणि त्यांच्या जागी नवं आणाल तेव्हा त्या केवढ्या होत्या हे मोजाच, पण त्या कुठे अडत होत्या तेही एकदा बघा. माझ्याकडे कुणी तसं पहिल्याच हिवाळ्यात पाहिलं असतं, तर डोलकरची थोरली मुलगी आज सहा वर्षांची असती.