झुंबरचं नसलेलं शेत

मित्रांनो, मी एक जुनं खोटं खातं आहे. नाव झुंबर. नाव बाईचं मिळालं, म्हणून बाईसारखीच बोलते.

माझा जन्म जळोचीत, इंद्रजितच्या मोबाइलमध्ये झाला. त्याची बहीण स्वरूपा सणसरला सासरी राहून भाजीपाल्यावर ब्लॉग लिहायची. जीव ओतून लिहायची, पण तिकडे चिटपाखरूही फिरकत नसे. भावाला बघवेना. त्याने तिला न सांगता माझ्यासारखी ढीगभर खाती उभी केली. कुणाला बैलाचा फोटो, मला पदर घेतलेल्या कुणा अनोळखी बाईचा. स्वरूपाने काही लिहिलं की आम्ही आपोआप ते शेतकऱ्यांच्या गटांत टाकायचो आणि खाली वाहवा करायचो. माझं वाक्य ठरलेलं: "मी वापरलं, शंभर टक्के फरक पडला!" वाचक वाढले. स्वरूपा हरखून माझे आभार मानायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे तिने मिरचीची पानं आकसतात त्यावर फवारणी सुचवली: पंपाला दोन झाकणं औषध. तिच्या घरचा पंप मोठा, बॅटरीचा. भिगवणजवळच्या छबूबाईंचा लहान, हाताने मारायचा. त्यांनी गटात विचारलं, "ताई, पंप केवढा धरायचा?" आमच्या कौतुकाच्या ढिगाऱ्यात स्वरूपाला ते दिसलंच नाही. उत्तर मी दिलं. मला दुसरं येतंच काय?

छबूबाईंनी लहान पंपातही दोन झाकणं टाकली. औषध जास्त कडक झालं आणि मिरची करपली. पत्ता विचारत त्या सणसरला आल्या, तेव्हा इंद्रजित तिथेच होता, आणि त्याच्या खिशात मी. स्वरूपा रडू लागली.

"रडू नगं पोरी," छबूबाई म्हणाल्या. "माझ्याच हाताचं चुकलं असंल. त्या झुंबरला फरक पडलाच की! ती कुठली हाय? तिचा पंप केवढा हाय, तेवढं इचारायचंय."

स्वरूपाने तिथल्या तिथे मला मेसेज टाकला, आणि टिंग वाजली ती इंद्रजितच्या खिशात. तिने भावाकडे पाहिलं. "दादा, झुंबर कोण हाय?"

इंद्रजितने मान खाली घातली. तिला सगळं कळलं. त्याच दिवशी तिने ब्लॉग बंद केला आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

मला मात्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. मित्रांनो, वाहवा करणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या गर्दीत कुणी काही विचारतंय का, ते आधी बघा. छबूबाईंचा प्रश्न अजून त्या गटात आहे. त्याखाली कुणी नवा माणूस अडला, की मी लगेच सांगते, शंभर टक्के फरक पडला.