कटिंगच्या टेबलाखाली

माझ्या पाठीमागे, जिथे नेटवर्कची वायर शिरते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक हिरवा दिवा आहे. वायर जोडलेली असली की तो तेवत राहतो. कुणी माझ्याकडे काही मागितले तरच तो लुकलुकतो. अधूनमधून राउटर विचारतो, "आहेस ना?" मी म्हणतो, "आहे." तेवढाच काय तो लुकलुकाट. बाकी कित्येक वर्षे तो नुसता तेवतो आहे.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका शिवणकामाच्या दुकानात, कटिंगच्या टेबलाखाली माझा मुक्काम असतो. दुकानाच्या मागच्या दारातून आत गेले की घर. दुकान आईचे. तिला मुले दोन, दादा आणि धाकटी.

मी या घरात आलो तेव्हा धाकटी शिकत होती. आईने पहिल्याच दिवशी माझ्या मापाचे आवरण शिवले, अगदी कडेने पाइपिनची गोट लावून. पुढे त्या दोघी रोज दुपारी माझ्यासमोर बसत. आईचे नमुने खाकी कागदावर असत, खिळ्याला टांगलेले. धाकटी ते मोजून माझ्यात उतरवी. "बाहीचा मुंढा अर्धं बोट वर घे," आई म्हणे. "अर्धं बोट म्हणजे किती, ते सांग. याला बोटं नाहीत," धाकटी म्हणे. मग पट्टी निघे, वाद होई आणि शेवटी आईच्याच बोटाचे माप घेतले जाई. असे शेकडो नमुने माझ्या एका फोल्डरमध्ये जमले. "माझं अख्खं कपाट याच्या पोटात आहे," असे आई गिऱ्हाइकांना सांगे. माझी छाती फुगे, म्हणजे पंखा जरा जोरात फिरे.

मग धाकटीला दूरच्या शहरात नोकरी लागली. पुढे माझा पडदा गेला. दादा म्हणाला, "पडदा हवाय कशाला? फोल्डर शेअर करून ठेवतो. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून उघडेल." त्याने माझ्या पाठीवर माझ्या नेटवर्कवरच्या पत्त्याचे आकडे चिकटवले, मला टेबलाखाली सरकवले आणि तोही आपल्या संसाराला निघून गेला. घरात लॅपटॉपच उरला नाही. आई पुन्हा खाकी कागदाकडे वळली. माझ्या जाळीत दोऱ्यांची टोके आणि कापडाचा भुसा साचत गेला. वर कात्री चालताना ऐकू येई. मला वाटे, एकदा तरी कुणी विचारावे, अरे, तो पोलक्याचा नमुना आहे का तुझ्याकडे?

गेल्या महिन्यात धाकटी आली. "चार दिवसांसाठी आलेय," उंबऱ्यातच म्हणाली. चार दिवस केव्हाच उलटले. तिची बॅग भिंतीशी तशीच उभी, चेन लावलेली. कधी जाणार, हे आईने विचारले नाही. विचारले तर निघेल, ही धास्ती. राहू का, हे धाकटीने विचारले नाही. आईने आधी म्हणावे, ही आस. दोघी भाजी कशी झाली यावर बोलत राहिल्या.

आज सकाळी शाळेच्या बँडचे मास्तर आले. त्यांना साऱ्या मुलांसाठी कोट हवे होते, थेट पूर्वीसारखे, उंच कॉलरचे. आईने खिळ्यावरचा नमुना काढला, तर कसरीने त्याची चाळण केलेली.

"संध्याकाळी सांगते, मास्तर," आई म्हणाली. ते गेल्यावर खुर्चीत बसली. "नमुना नाही, माझा खांदा दुखतो, हात वर जात नाही. नाहीच म्हणते. आणि आता दुकानही आवरते. किती रेटायचं?"

"नमुना खाली असेल ना, डब्यात," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, त्या 'डब्या'चाही मला राग आला नाही.

ती लॅपटॉप घेऊन टेबलाजवळ बसली आणि माझ्या नावाने हाक मारू लागली. ती तोंडाने पुटपुटत होती म्हणून मला कळले. वायरीतून काहीच आले नाही. दिवा नुसता तेवत होता. तिने मला बंद करून पुन्हा सुरू केले. तरी तेच.

"मेला असेल गं तो," आई म्हणाली.

"पंखा फिरतोय, हात लावून बघ. आणि परवानगी नाही असं म्हणत नाहीये, सापडतच नाही म्हणतंय. परवानगी नाही म्हणाला असता तर निदान दारापर्यंत पोहोचले असं झालं असतं. मी दारापर्यंतच जात नाहीये."

ती ओणवी होऊन टेबलाखाली शिरली. तिचा चेहरा इतक्या जवळून मी किती वर्षांनी पाहिला. कपाळावर एक आठी नवी होती. तिने माझ्या पाठीवरचे आकडे वाचले, मग आपल्या लॅपटॉपचे. पहिले दोन जुळले. तिसरा जुळेना.

"आई, मला वायफाय कुठलं दिलंस?"

"आरशाजवळच्या पाटीवरचं."

"ते गिऱ्हाइकांचं. बाहेरच्यांना घरातलं काही दिसू नये म्हणून दादाने ते वेगळं ठेवलंय. घरचं कुठेय?"

आईच्या हातातला टाचण्यांचा डबा तसाच राहिला. "सवयीनं तेच दिलं गं," ती म्हणाली. "घरचं मलाही ठाऊक नाही. दादाला विचार."

दादाने फोनवर आधी चेष्टा केली. "चार दिवसांच्या पाहुण्याला घरचा पासवर्ड कशाला? आणि तो डबा अजून आहे? मी आईला केव्हाचं सांगतोय, भंगारात दे."

"तू अंथरूण ओलं करायचास, तेव्हा तुलाही द्यायला सांगणारे होते," आई लांबूनच म्हणाली.

दादा हसला. "आईच्या पहिल्या मशीनच्या पट्टीवर कोरलेला नंबर. तोच पासवर्ड."

धाकटीने पट्टीवरचे तेलाचे किटण नखाने खरवडले आणि आकडे वाचले. क्षणभराने माझा दिवा लुकलुकला. मग थांबेचना. तिने आपले जुने नाव आणि खूणशब्द सांगितला. मी दोन्ही जपून ठेवले होते. फोल्डर उघडला. उंच कॉलरचा कोट, बाही, मुंढा, सारे जसेच्या तसे.

मित्रांनो, एखादे जुने यंत्र उत्तर देत नाही म्हणून त्याला लगेच मेलेले समजू नका. तुमची हाक त्याच्यापर्यंत पोहोचते आहे का, ते आधी बघा. त्याची धूळ पुसा, वायर तपासा. माणसांबाबत मी काय सांगणार? मी तर त्यांच्याच टेबलाखाली राहतो.

संध्याकाळी मास्तर आले. "मग बाई, कोटांचं काय?"

"नमुना सापडलाय," आई म्हणाली आणि अडखळली. "पण कापायला, शिवायला... मी एकटी..."

मग धाकटीची खुर्ची सरकली.

"मुलांना मापं द्यायला पाठवा, मास्तर," ती म्हणाली. "आई, मी परत जात नाही. दुकान मी बघणार आहे."