दोन खाटांमधला पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, की दिवाणखान्याचाही नव्हे. रुग्णालयाच्या पुरुष विभागात, दोन खाटांच्या मधोमध, छताजवळच्या पट्टीला कड्यांनी टांगलेला फिकट हिरवा सुती पडदा.

मित्रांनो, शिंप्याने माझे काठ दुमडले, तेव्हा वाटले होते की एखाद्या खिडकीत वाऱ्याशी खेळेन. नशिबी आले ते निराळेच काम, आजारी माणसाची लाज राखण्याचे. मला ओढून घेतले की आतला रुग्ण मोकळेपणाने कण्हू शके. "हा आहे म्हणून बरं," असे कुणी म्हटले की मला धन्य वाटे.

विभागाच्या मुख्य परिचारिकेला सगळे ताई म्हणत. हात धुण्याच्या बाबतीत त्या इतक्या काटेकोर, की मोठ्या डॉक्टरांनाही बेसिनकडे पिटाळत.

तरीही डावीकडच्या आजोबांची जखम चिघळली. तपासणीत कळले, की त्यांच्या जखमेतल्या जंतूंनी नेहमीची औषधे पचवायला शिकून घेतले आहे. पुढे उजवीकडच्या बसचालकाच्या पायावरची शस्त्रक्रियेची जखमही तशीच झाली. जंतू तोच.

"पाय राहील ना हो, ताई?" चालकाच्या बायकोने विचारले.

"एक औषध उरलंय. ते लागू पडलं तर राहील."

"आणि नाही पडलं तर?"

ताईंनी त्याच्या पायावरचे पांघरूण सारखे केले. चालकच म्हणाला, "अगं, एरवी तूच म्हणतेस ना, माझा पाय घरात ठरत नाही म्हणून!" बायको हसली नाही.

हात तर सगळेच धुतात, मग जंतू आला कुठून? ताईंनी धाकट्या परिचारिकेला आपल्यासमोर पट्टी बदलायला सांगितली. तिने हात धुतले, हातमोजे चढवले, खाटेशी येऊन मला ओढून घेतले आणि जखमेकडे हात नेला.

"थांब! आत्ता कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही, ताई. धुऊन थेट इकडंच आले."

"आणि पडदा काय आपोआप सरकला?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. ताईंचा आवाज उतरला. "तुला काय बोलू गं? मीही रोज असंच करते."

माझ्या काठाचा नमुना तपासला, तर तोच जंतू निघाला. ज्यांची लाज राखली, त्यांच्याच जखमांत मी विष पोहोचवीत होतो, आणि तेही धुतलेल्या हातांकरवी! मला उतरवून कढत पाण्यात धुतले. विभागात नवा शिरस्ता पडला, आधी पडदा ओढायचा, मग हात धुवायचे.

उरलेले औषध दोघांनाही सावकाश लागू पडले. चालकाचा पाय वाचला, दोन बोटे मात्र गेली. घरी निघताना चालक बायकोच्या खांद्याला धरून उभा राहिला.

"आमचं चुकलं हो, दादा," ताई म्हणाल्या.

"गाडीच्या आरशात न दिसणारी जागा असतेच, ताई. ती कळली की तिथं मान वळवून बघायची." एवढे बोलून तो लंगडत चालू लागला.

मित्रांनो, मी पुन्हा त्याच जागी टांगलेला आहे. मी स्वच्छ दिसतो, म्हणून मला स्वच्छ समजू नका. मला वरचेवर धुवा. आणि कुणा आजाऱ्याला स्पर्श करण्याआधी स्वतःला एवढेच विचारा, की धुतल्यानंतर हा हात कुठे कुठे जाऊन आला?