सूक्ष्मदर्शकाचा ठराव

सभागृहातल्या खुर्च्या एवढ्या खोल, की चौथीतल्या एकाचेही पाय जमिनीला टेकेनात. सगळे झुलवत बसले होते.

"शाळा सक्तीची करणारा पहिला कायदा इथेच झाला," सभागृह दाखवणारे काका सांगत होते. "नुसत्या आवाजावर तो पडलाच होता. मग एका सभासदाने डोकी मोजायला लावली. एकाने जरी मागितलं तरी मोजावंच लागतं. आता तुमचा ठराव येऊ द्या."

मोठ्या आवाजामुळे वर्ग ज्याला भोंगा म्हणे, त्याने 'गृहपाठ बंद' म्हणताच बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो ठराव तिथेच आडवा झाला.

मग वर्ग जिला मुंगी म्हणे, तिने हात वर केला. तिचं बोलणं ऐकायचं तर कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. शाळेचा सूक्ष्मदर्शक वर्षभर कुलपात होता. तिने त्यातून एकदाच कांद्याचा पापुद्रा पाहिला होता, विटा रचल्यासारखा. तेव्हापासून तिला चैन नव्हती. बाईंना तिने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ते वर्गाच्या कलकलाटात बुडालं.

"सूक्ष्मदर्शक वर्गात ठेवावा," ती म्हणाली.

"बाजूने कोण?"

"हो," पोरं हळू आवाजात एकेक करून म्हणाली.

"विरुद्ध?"

रुसलेला भोंगा आणि त्याचे पाच दोस्त 'नाही' म्हणून असे गरजले, की दारावरचा शिपाई आत डोकावला.

"ठराव नामंजूर," काकांनी हातोडा आपटला.

मुंगी काहीतरी पुटपुटली. कुणाला कळलं नाही. मग ती खुर्चीवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी माइक ओढून म्हणाली, "काका, डोकी मोजा."

काकांचा चेहरा खुलला. "माननीय सभासदांनी मागणी केली आहे. उभे राहा."

बाजूने पंचवीस. विरुद्ध सहा.

"एवढेच?" भोंग्याने आपली माणसं पुन्हा मोजली.

"आवाज साठांचा होता रे," शेजारचा म्हणाला.

आता सगळे बाईंकडे बघू लागले. त्या हसल्या. "सभागृहाने सांगितल्यावर माझं काय चालणार? उद्या कुलूप काढते. पण सांभाळणार कोण?"

"मी," मुंगी म्हणाली.

बाहेर पडताना भोंगा तिच्या बाजूने चालू लागला. "त्यात डासाचा पाय दिसतो?"

"केसांसकट."

"मग पहिला नंबर माझा."

"पहिला माझा. तुझा दुसरा."

"बरं. डास मी आणतो."

"आण. फक्त चिरडून आणू नकोस."