बाबांच्या डोळ्यांत धूळ

माझे बाबा गाड्यांना रंग मारतात. दारावरचा ओरखडा भरून त्यांनी रंग जुळवला, की ओरखडा कुठे होता ते गाडीच्या मालकालाही सापडत नाही. त्यामुळे आपल्या नजरेला कोणी फसवूच शकत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. मी चित्रकलेच्या शाळेत जायचं म्हटलं, तेव्हा त्यांनी अट घातली.

"एकदा, फक्त एकदा तुझ्या चित्राने मला फसवून दाखव. लगेच अर्जावर सही करतो. नाहीतर वर्कशॉपचं काउंटर सांभाळायचं."

माझं वय सतरा, म्हणजे सही त्यांचीच लागणार. मुदतीला नऊ दिवस होते.

पहिल्यांदा मी चमचा काढला. बाबांनी दारातूनच निकाल दिला. "टेबल पिवळं आणि सावली काळीकुट्ट? सावलीत टेबलाचा रंग नको?"

मग टोमॅटो. तिथे मी शहाणपणा केला. आधी रंगीत पेन्सिल घासली आणि वरून मार्कर फिरवला. मार्करमधल्या स्पिरिटने पेन्सिलचं मेण विरघळलं, मार्करचं टोक त्या चिखलाने माखलं ते वेगळंच.

"भाजी नासली," बाबा म्हणाले. ते खरं बोलत होते, म्हणून जास्त राग आला.

मग मी नीट शिकले. आधी मार्कर, फिका ते गडद, पहिला थर ओला असतानाच दुसरा, म्हणजे सांधा दिसत नाही. पूर्ण वाळल्यावर पेन्सिलने बारकावे.

शेवटच्या दिवशी मी एका मोठ्या कागदावर मधोमध एक गंजका नट रंगवला. ते नुसतं आमिष होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बाबा काचा झाकायला वापरतात तसल्या खाकी चिकटपट्टीचा एकेक तुकडा होता.

बाबा हात पुसत आले. "नट बरा जमलाय. पण ही डावीकडची पट्टी! अगं, तीस वर्षं हीच लावतोय मी. कड अशी वर येते का कधी? सुरकुत्याही खोट्या."

मी ती पट्टी अलगद सोलली आणि त्यांच्या बाहीला चिकटवली. बटण शिवत बसलेली आई इतकी हसली, की तिच्या हातातली सुई पडली.

बाबांचे कान लाल झाले. "हे चालणार नाही. खऱ्याला खोटं म्हणालो, पण चित्राने कुठे फसवलं?"

"रडीचा डाव!" आई म्हणाली.

"अजिबात नाही. हिची खोडी कळली मला. दोन्ही खऱ्याच चिकटवल्यात." आणि त्यांनी उजवीकडची पट्टी काढायला कोपऱ्यात नख घातलं. एकदा. दोनदा.

"फारच घट्ट बसलीय," ते पुटपुटले.

मी ओठ दाबून धरले. तिसऱ्यांदा खरवडल्यावर त्यांच्या नखात खाकी मेण आलं. बाबा त्या नखाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, मी नाचेन. पण त्यांचा चेहरा असा काही खुलला, की मलाच भरून आलं.

"सुरकुतीत जांभळा घातलास?"

"हो. मार्करचे तीन थर, वर पेन्सिल."

"हं. आण तो अर्ज."

सही करण्याआधी मात्र त्यांनी अर्ज दोन्ही बाजूंनी चाचपला, उजेडात धरला, आणि खालच्या ओळीवर हळूच नख घासून पाहिलं.