गाईखालची नेल

"सगळं झकास आहे, पेटिंगेल. फक्त ती लाल शालवाली पोरगी काढून टाका," हॉलवर्दी साहेब चित्रापुढे उभे राहून म्हणाले. "डोळ्यांत खुपते. तिथे एक गाय घाला. जेवणघरात कसं शांत वाटलं पाहिजे. उद्या सकाळी गाडी पाठवतो."

माझ्या नवऱ्याने मान डोलावली. नुसती मान! राहतं घर साहेबांचं. नाही म्हटलं की सप्टेंबरअखेर आम्ही रस्त्यावर.

ती पोरगी म्हणजे आमची नेल. मार्चमध्ये घसा सुजला आणि चार दिवसांत गेली. सफोक परगण्यातला ढग न् ढग काढला या माणसाने, पण पोटच्या पोरीला समोर बसवायला याला कधी सवड झाली नाही. ती कुरणातून याच्यासाठी पाव-चीज घेऊन येत होती, तेव्हा या चित्रात अंगठ्याएवढी टिपली, तेवढीच.

"जोसाया, नाही म्हण ना रे!"

"आणि तुला ठेवू कुठे? कुंपणाखाली?" त्याने पातं उचललं.

"ते कशाला?"

"आधी खरवडावं लागतं. नाहीतर तीस-चाळीस वर्षांत वरचा रंग विरतो आणि खालचं दिसायला लागतं. लाल तर हमखास."

मी त्याचं मनगट धरलं. "मग दिसू दे की."

"अगं, लोक हसतील. गाईच्या पोटात पोरगी!"

"हसू देत मेले. कुणाला तरी दिसेल ना ती?"

त्याने पातं खाली ठेवलं आणि ढसाढसा रडायला लागला. मला रडायला फुरसत नव्हती. एकवीस वर्षं त्याचे रंग मीच घोटते. त्या दिवशी तपकिरी रंगात मी तेल जास्त ओतलं.

"केझाया, फार पातळ झालाय हा."

"असाच मिळेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कुंचला बुडवला. आधी नेलचे पाय गेले, मग टोपली. शाल त्याने शेवटी झाकली.

सकाळी गाडीवान आला. "वा, गाय काय झकास आलीये!"

"ओलं आहे बाबा, जपून ने."

वारा बोचरा होता. मी माझी शाल काढली आणि रंगाला टेकणार नाही अशी चौकटीभोवती घट्ट गुंडाळली.

"शाल परत आणून देऊ ना, बाई?"

"राहू दे तिला," मी म्हणाले.